चिंबोऱ्याचं लाल कार्ड

हिरामण तांडेलांना हिरामण म्हणून हाक मारणारी करावे गावात आता दोनच माणसं उरलीत, आणि त्यातला एक पोस्टमन आहे. बाकी सगळ्यांना ते शिट्टीदादा. एकतीस वर्षं त्यांनी कबड्डीची पंचगिरी केली. तुर्भ्याच्या एका कारखान्यात नोकरीही केली, पण नोकरीबद्दल विचारलं तर ते दोन वाक्यांत उरकतात. मॅचबद्दल मात्र विचारू नये. चहा गार होतो.

त्यांच्या लग्नाच्या फोटोत नीट पाहिलं तर हाराच्या आड शिट्टीची दोरी दिसते. दिसत नाही, असं त्यांच्या बायको भागीरथीबाई म्हणतात. मी फोटो पाहिलाय. दिसते.

पंच म्हणून त्यांच्या दोन गोष्टी आसपासच्या गावांत माहीत होत्या. पहिली, दिलेला निर्णय फिरवायचा नाही. एका फायनलला त्यांनी शेवटच्या चढाईत सख्ख्या मेव्हण्याला बाद दिलं. मेव्हणा दोन वर्षं भाऊबिजेला आला नाही. भागीरथीबाई ओवाळणीचं ताट घेऊन स्वतः माहेरी, दिवाळे गावाला, जाऊन आल्या. हिरामण म्हणाले, ‘बाद तो बाद.’

दुसरी गोष्ट त्यांच्या कानाची. कबड्डीत अंगावर सात जण पडले की खाली काय चाललंय ते डोळ्याला दिसत नाही. तिथे पंच कानावर जातो. चढाई करणारा ‘कबड्डी कबड्डी’ म्हणतोय तोवर तो जिवंत. आवाज तुटला की दम गेला, शिट्टी वाजली, सगळे एकमेकांना सोडून उठले, कपडे झटकले. आवाज म्हणजे झटापट आणि शांतता म्हणजे डाव संपला. एकतीस वर्षं हेच ऐकलेला कान आहे तो. त्याला दुसरं काही शिकवायचं म्हणजे अवघडच.

निवृत्तीनंतर, सिडकोने नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात दिलेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर चार मजले उभे राहिले. वर भाडेकरू, खाली तांडेल कुटुंब. मुलगा कुंदन, सून रंजिता, ओट्यावर झोपाळा, आणि पार्किंगमध्ये एक स्कूटर. यंदा होळीच्या आधी गल्लीतली एक कुत्री गाडीखाली गेली. भागीरथीबाई मासळीची रिकामी टोपली घेऊन गेल्या आणि तिची दोन पिल्लं भरून घेऊन आल्या. एक पांढरट, लांबुडकं, अंगात हाडच नसल्यासारखं. त्याचं नाव बोंबील. दुसरं तपकिरी, गोल, दिसेल ते तोंडात धरणारं. तो चिंबोरा. चिंबोरा म्हणजे खेकडा, हे पलीकडच्या टॉवरवाल्यांना सांगावं लागतं. ज्याचं बोट त्या पिल्लाने धरलंय त्याला सांगावं लागत नाही.

“भाडेकरू परवडले, कुत्री नको,” असं पहिल्या दिवशी हिरामण म्हणाले. आठव्या दिवशी चिंबोरा त्यांच्या चपलेवर डोकं ठेवून झोपायला लागला, आणि हिरामण घरात अनवाणी फिरायला लागले. झोपमोड नको म्हणून. समोरच्या शेवंताबाईंनी तर त्यांना उन्हात तळवे उचलत नळावर जाताना पाहिलं. शेवंताबाई खोटं बोलत नाहीत. थोडं वाढवतात.

पिल्लं अडीच महिन्यांची झाली आणि पार्किंगमध्ये रोजचा दंगा सुरू झाला. चिंबोरा बोंबलाच्या मानेला धरायचा, खाली पाडायचा, वर बसायचा. बोंबील असा काही किंचाळायचा की तिसऱ्या मजल्यावरचे भाडेकरू गॅलरीत यायचे. गुरगुर, कुंईकुंई, दात, धूळ. हिरामण झोपाळ्यावरून उठायचे आणि शिट्टी मारायचे.

शिट्टीने पिल्लं थांबायची. दचकून. मग पुन्हा तेच.

हिरामणांनी खिशातून हिरवं कार्ड काढलं. ही कार्डं ते अजून शर्टाच्या खिशात ठेवतात, हे मलाही तेव्हाच कळलं. हिरवं म्हणजे समज. दुसऱ्या दिवशी पिवळं. पिवळं म्हणजे दोन मिनिटं मैदानाबाहेर. म्हणून चिंबोऱ्याला दोन मिनिटं, घड्याळ लावून, न्हाणीघरात. बाहेर आला तो दुप्पट चेव घेऊन. त्याला वाटलं, डाव अर्धा राहिलाय. बुधवारी बोंबील फारच किंचाळला तेव्हा हिरामणांनी लाल कार्ड दाखवलं.

“यो मारकुटा हाय,” ते कुंदनला म्हणाले. “दोगं एका घरान नाय राहू शकत. याला चांगलं घर बग.”

सांगताना ते चिंबोऱ्याकडे पाहत नव्हते. चिंबोरा त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर होता.

कुंदन हुशार. बापाचा निर्णय फिरत नाही हे त्याला चालायला लागल्यापासून माहीत. “टेन्शन नका घेऊ पप्पा, माझ्या ऑफिसमधले चंद्रशेखर कांबळे आहेत ना, खारघरला राहतात. त्यांच्या आईला कुत्रं पाहिजेच आहे. रविवारी बोलावतो.”

“रविवारी?” हिरामण म्हणाले.

“मग कधी? तुम्हीच म्हणालात ना?”

“बोललो ना. रविवारी.” आणि ते झोपाळ्यावर जाऊन बसले. झोपाळा हलला नाही.

स्वयंपाकघरातून भागीरथीबाईंनी हे सगळं ऐकलं. त्यांचं माहेर दिवाळ्याचं, सुकी मासळी वाळत घालायच्या खळ्यावरचं. तिथे पोरं कमी आणि कुत्री जास्त. त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या.

“अवो पंच, कुठं मारतोय तो?”

“दिसत नाय? ऐकाला तरी येतं ना? बोंबील कवरा वरडतोय.”

“बोंबील वरडतोय म्हनून चिंबोरा मारकुटा. बरा हाय तुमचा न्याव. आता शिट्टी खिशान ठेवा नि बगा.”

पिल्लांचं पुन्हा जुंपलंच होतं. चिंबोरा वर, बोंबील खाली, किंकाळी अशी की पोलीस यावेत. भागीरथीबाईंनी वाकून चिंबोऱ्याला मानेच्या कातडीला धरून उचललं आणि बाजूला धरून ठेवलं. बोंबील मोकळा झाला. उठला. अंग झटकलं. पळून जायला अख्खी गल्ली होती. तो दोन पावलं मागे गेला, पुढचे पाय जमिनीला टेकवून बूड वर केलं, शेपूट हलवलं, आणि येऊन लटकणाऱ्या चिंबोऱ्याचा कान ओढला.

“बगितला?” भागीरथीबाई म्हणाल्या. “मार खाल्लेला मानूस मारनाऱ्याच्या दारान परत जातो का? यो परत आयला. म्हन्जे खेल हाय.”

त्यांनी चिंबोऱ्याला सोडलं. या वेळी बोंबील वर आणि चिंबोरा खाली. खालच्याने चारी पाय वर करून तोंड वासलं होतं. एकमेकांचे जबडे एकमेकांच्या तोंडात, पण मिटत कोणीच नव्हतं.

“आलटून पालटून चाललंय,” रंजिता दारातून म्हणाली. “पप्पा, एकदा ह्याची चढाई, एकदा त्याची.”

पंचाला हे पटायला हवं होतं. पण लाल कार्ड दाखवून झालं होतं, तेही मुलगा, सून आणि तिसरा मजला यांच्या देखत. हिरामण म्हणाले, “आज खेल आसंल. उद्याचा काय भरवसा?”

“आवाज हाय तवर खेल हाय,” भागीरथीबाई आत जाता जाता म्हणाल्या. “आवाज बंद झायला का धावाचा.”

हे हिरामणांनी ऐकलं आणि सोडून दिलं. बायकोला कबड्डीतलं काही कळत नाही हे त्यांचं मत तसं जुनंच होतं. आवाज बंद झाल्यावर कोण धावतं?

गुरुवार, शुक्रवार गेले. हिरामणांनी शिट्टी मारली नाही, निर्णयही बदलला नाही. चिंबोऱ्याला एकदा सीवूड्सच्या जेट्टीपर्यंत फिरवून आणलं आणि घरी सांगितलं की आपण औषध आणायला गेलो होतो. औषध आणलं नव्हतं.

शनिवारी दुपारी घरात जिताडा आला होता, खाडीतला मानाचा मासा. रंजिताने जिताड्याचं उकडलेलं डोकं पिल्लांच्या ताटात ठेवलं. ताट एकच. रोज त्यात दूधभात असायचा, दोघं तोंड घालून खायचे, कधी तक्रार नव्हती. पण दूधभात वेगळा आणि जिताड्याचं डोकं वेगळं, हे कराव्यात माणसांनाही समजावून द्यावं लागत नाही.

हिरामण झोपाळ्यावर पेपर वाचत होते. आधी नेहमीचा गोंधळ, मग एक छोटी गुरगुर, खालच्या पट्टीतली. मग काहीच नाही.

“चला,” ते पेपरामागून म्हणाले, “दम सुटला. संपला डाव.”

आणि आतून भागीरथीबाई धावत आल्या. हातात तांदूळ धुतलेलं पाणी, पातेल्यासकट.

“आवरी शांतता कशाची?”

हिरामणांनी पेपर खाली केला. ताटाशी बोंबील उभा होता. तोच बोंबील, अंगात हाड नसलेला, पण आता लाकडासारखा ताठ. शेपूट जागच्या जागी. त्याच्या दातांत चिंबोऱ्याचा कान होता आणि दात मिटलेले होते. आवाज दोघांचाही नाही. चिंबोरा मागे रेटत होता, स्कूटरखाली शिरायला बघत होता, आणि बोंबील सोडत नव्हता. आलटून पालटून काही चाललेलं नव्हतं.

पाणी पडलं. बोंबलाने कान सोडला. चिंबोरा स्कूटरखाली गेला आणि परत आला नाही. हाक मारली तरी आला नाही. शेवटी हिरामण चौसष्टाव्या वर्षी फरशीवर पालथे पडले, हात आत घातला आणि त्याला ओढून काढला. कान चिरला होता. दोन टाके पडले. डॉक्टरकडे नेताना रिक्षात पिल्लू कुंदनच्या मांडीवर द्यायचं ठरलं होतं. ते पूर्ण वेळ बापाच्या मांडीवर होतं.

संध्याकाळी भागीरथीबाईंनी दोन ताटं काढली. एक पार्किंगच्या या टोकाला, एक त्या टोकाला.

“बोंबील बी वाईट नाय,” त्या म्हणाल्या. “एका ताटान जिताडा वाढला तं कोनीबी चावंल. तुमी न तुमचा भाव काय कमी भांडलाव?”

हिरामणांनी त्या टोकाचं ताट आणखी वीतभर लांब सरकवलं. त्या भावाच्या भांडणाची गोष्ट मला पाठ आहे, पण ती जमिनीची आहे आणि तिला दोन दिवस लागतात.

रविवारी अकरा वाजता चंद्रशेखर कांबळे आले. सभ्य माणूस, कुंदनच्या बायोमेट्रिक मशीनच्या कंपनीतला क्लार्क. सोबत नवी टोपली, आत आईने, गिरजाबाईंनी, स्वतः शिवलेली गोधडी, आणि निळा पट्टा. “आई सकाळपासून दारात बसलीय काका,” ते म्हणाले. “गिरजाबाईंचा नातू येणार म्हणून मजल्यावर सांगून झालंय.”

चहा आला. पिऊन झाला. कुंदनने बापाच्या तोंडाकडे पाहिलं आणि सुटकेची वाट काढून दिली. “कांबळेसाहेब, त्याला टाके पडलेत. डॉक्टर म्हणतात, इतक्यात हलवू नका. पुढे बघू.”

अगदी सोयीची वाट होती. कार्डही लालच राहत होतं आणि कुत्रंही घरात राहत होतं. भागीरथीबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी कुंदनकडे बघितलं नाही, नवऱ्याकडे बघितलं.

हिरामण उठले. “डॉक्टर काय नाय बोलला,” ते म्हणाले. “कांबळे, तुमी आलाव, त्रास झाला. पन निर्णय माझा चुकला. यो मारकुटा नाय. मी ऐकला उलटा.”

कुंदनने आईकडे पाहिलं.

“अहो काका, कुत्र्याचंच तर आहे,” चंद्रशेखर अवघडून म्हणाले. “त्यात चुकला काय आणि बरोबर काय.”

“चुकला तो चुकला.” आणि मग, निळा पट्टा परत टोपलीत ठेवत, “यो मना पाहिजे.”

चंद्रशेखर रिकामी टोपली घेऊन निघाले. भागीरथीबाईंनी त्यात गिरजाबाईंसाठी सुक्या जवळ्याची पिशवी ठेवली आणि बोनकोड्याला एकीकडे पिल्लं आहेत, शेपटीपासून नाकापर्यंत काळी, तो पत्ता दिला. गिरजाबाईंना बुधवारी त्यातलं एक मिळालं. आता त्या मजल्यावर त्याचंच कौतुक चालतं, असं कुंदन सांगतो.

हे सगळं घरातल्या घरात राहिलं असतं. पण शेवंताबाई समोर राहतात.

सोमवारी दुपारी शिट्टीदादांनी निर्णय फिरवल्याची बातमी सानपाड्याला पोचली. मंगळवारी तिथून धनाजी मढवी आले, सोबत दोन साक्षीदार. तिघांचं वय मिळून एकशे नव्वदच्या आसपास. धनाजी गुडघा धरत पायऱ्या चढले, झोपाळ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, “दादा, सत्त्याण्णव सालची सेमी फायनल. माझा पाय लाईनीला लागला नव्हता. तुमी बाद दिलाव.”

हिरामणांच्या मांडीवर चिंबोरा झोपला होता, टाक्यांचा कान वर करून. त्याला धक्का लागू नये अशा बेताने ते किंचित पुढे झुकले.

“लागला होता,” ते म्हणाले. “बसा. चहा घ्या.”