घमेलं आधी, बाई मागून

गाडी अजून चालत होती आणि माझी बहीण दारात उभी होती.

भिलाईच्या कारखान्याची तेव्हा नुसती पायाभरणी चालली होती. जिकडं पाहावं तिकडं लाल मुरूम, खड्डे आणि लोखंड. मजुरांसाठी सकाळी कुम्हारीकडून एक गाडी सुटायची, भिलाई-३ला थांबायची आणि थेट कामावरच्या सायडिंगला यायची. डबे मालगाडीचेच. खाली भाताचं वाळलेलं तणस अंथरलेलं, बाजूला मोठं सरकतं दार. मी त्या सायडिंगवर टी.एक्स.आर. होतो. म्हणजे गाडीचा वैद्य म्हणा. चाकं ठोकून बघायची, डबे जोडणारं कपलिंग बघायचं, दारं बघायची आणि गाडी फिट आहे असं सांगायचं. पुढं काही झालं तर सगळे आपल्याकडं बोट दाखवणार, हेही त्या नोकरीतच आलं.

तर गाडी हळू झाली आणि सायडिंगवर घमेली बरसायला लागली. हो, घमेली! चालत्या गाडीतून बाया आपापलं लोखंडी घमेलं बाहेर भिरकावत आणि मागोमाग स्वतः उड्या टाकत. खाली बिसाहू मुकादमाचं टेबल. त्याच्यासमोर घमेल्यांची रांग लागायची, माणसांची नाही. घमेलं ठेवलं की नंबर लागला. मग बाई पाणी प्यायला जावो की तंबाखू मळायला, तिचं घमेलं कोणी हलवणार नाही. त्याबाबतीत मोठा कडक कायदा होता. पुढच्या घमेल्यांना मिक्सरपाशी सावलीतलं काम. मागच्यांना भट्टीच्या पायाकडं गिट्टी वाहायची. आणि अगदी शेवटच्यांना मुकादम म्हणायचा, "आज नइ हे, काली आबे." म्हणजे आज काम नाही, उद्या ये. आलात तसे परत जा.

आता दाराची एक गंमत सांगतो. गंमत कसली, कर्मच ते! ब्रेक लागला की गाडी थांबते, दार थांबत नाही. मागं सरकवलेलं दार आपल्या लोखंडी पट्टीवर तसंच पुढं धावत येतं. त्यात मालगाडीला शेवटचा झटका असतो. इंजिन उभं राहिलं तरी मागचे डबे एकेक करून पुढच्यावर आदळतात. तो झटका गेला की मग फुल स्टॉप. त्याआधी गाडी थांबल्यासारखी दिसते, थांबलेली नसते.

त्या दिवशी झटका आला, दार धावलं आणि त्यानं माझ्या बहिणीला बाहेर ढकललं.

आमच्याकडं थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. आई गेल्यावर मला हिनंच वाढवलं. मी ओरडलो की नाही, मला आठवत नाही. बाई गिट्टीवर पडली, लोळली. तिचं घमेलं मात्र रुळावर गेलं आणि चाक त्यावरून निघून गेलं. पापडासारखं सपाट झालं. मी धावत पोचलो तेव्हा ती उठून बसली होती. कोपर सोललेलं, गुडघ्याचं लुगडं फाटलेलं.

"लागलं का वं बाई?"

"सरक तिकडे," ती म्हणाली. लंगडत गेली, ते चपटं घमेलं उचललं आणि नेऊन रांगेत ठेवलं! मुकादम बघतच राहिला.

"ये काय ए?"

"चपटं झालं तरी घमेलंच हाये ना? नंबर लाव."

त्यानं लावला. लोक हसले. मला हसू आलं नाही. 

सेन साहेबांनी हे सगळं जीपमधून पाहिलं होतं. बांधकामाचे इंजिनिअर. माणूस चांगला, पण बोलणं तुकडा पाडणारं. मला तिथंच बोलावलं.

"टी.एक्स.आर. बाबू, दरवाज़े के बाहर कड़ी लगाओ. गाड़ी फुल स्टॉप, तब गार्ड खोलेगा."

मी म्हटलं, "सर, आत तणस आहे. बाया-माणसं विडी ओढतात. बाहेरून कडी असली आणि आत ठिणगी पडली, तर?"

"और नहीं लगाई, तो परसों किसी का सिर चक्के के नीचे होगा. फिर?"

 आम्ही दोघंही खरं बोलत होतो. सोमवारपासून कड्या लागणार असं ठरलं. लोहाराकडं जाऊन कड्या घडवून घ्यायच्या त्या मीच, आणि बसवायच्याही मीच. म्हणजे बहीण दारातून पडून मरू नये म्हणून तिला आत कोंडायची, असा माझा हुद्दा झाला.

संध्याकाळी भिलाई-३ला घरी गेलो. बाई कोपराला हळद लावत होती. माझा पारा चढलेलाच होता.

"उद्यापासून कामावर जायचं नाही. मी कमावतो ना?"

"काहून? माह्या हातापायाले काय झालं?"

"आज मेली असतीस!"

"मेली नाई ना? मंग कायले वरडून राहिला?"

"बाई, गाडी थांबू देत जा. एवढंच म्हणतो. झटका गेला की उतर."

"अन् मंग पुढच्या डब्यातल्या बाया नंबर लावतीन अन् मी गिट्टी वाहू? का घरी वापस येऊ?" तिचा आवाज एकदम चढला. "तुले पगार मयन्याचा मयन्याले भेटते गा. आमाले रोज सकाळी नवीन नोकरी लागते. थे घमेलं तिथं पोचलं पायजे. मी पोचो का नाई पोचो!"

आणि कोपऱ्यातलं ते चपटं घमेलं उचलून तिनं माझ्या पायाशी आपटलं. "एवढी काळजी हाये तं तूच नेऊन ठेव जाय!"

मी खूप चिडलो होतो. ताटावरून उठलोसुद्धा. बाहेर ओट्यावर जाऊन बसलो आणि मनातल्या मनात तिला चार शिव्या घातल्या. मग हळूहळू डोक्यात शिरलं. बाई काय चुकीचं म्हणाली? रांग घमेल्याची आहे. घमेल्यानं उडी मारायचीच नाही, ते आधीच कोणी नेऊन ठेवलं, तर बाई कशाला उडी मारेल?

दुसऱ्या दिवशी गार्डला गाठलं. मिश्राजी. गाडीच्या शेवटी ब्रेकव्हॅन असते, गार्डचा डबा. तिथं जागा भरपूर. मी म्हटलं, बाया चढतानाच घमेली तुमच्याकडं देतील. जी आधी येईल तिचं आधी. सायडिंगला गाडी पूर्ण उभी राहिली की तुम्ही त्याच नंबरानं मांडायची.

"ब्रेकव्हॅन है कि कबाड़ी की दुकान?" मिश्राजी भडकले. मग म्हणाले, "रोज हनुमानजी का नाम लेता हूँ इन लोगों को कूदते देख के. लाओ."

मुकादमाची काही हरकत नव्हती. त्याला घमेल्यांशी मतलब. ओळखायची अडचणही नव्हती. कोणाच्या घमेल्याला चिंधी बांधलेली, कोणाच्या काठाला छिन्नीची खूण. आपली गाय ओळखावी तशी प्रत्येक जण आपलं घमेलं ओळखायची. सेन साहेबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "शनिवार को देखेंगे. एक भी कूदा, तो सोमवार को कड़ी."

शनिवारी मी सायडिंगवर उभा. बाईनं सुपेल्याच्या बाजारातून नवं घमेलं आणलं होतं आणि भल्या पहाटे जाऊन भिलाई-३चा पहिला नंबर तिनंच पटकावला होता. गाडी आली. हळू झाली. दारं बंद! ब्रेक लागला. शेवटचा झटका एकेका डब्यातून धडधडत मागं गेला. मग सगळं शांत. आणि मग दारं सरकली. बाया एकमेकींचा हात धरून खाली उतरल्या. एकीनंही उडी मारली नाही.  साहेबांच्या जीपकडं बघून मी चक्क हसलो.

तेवढ्यात गोंधळ उठला.

मिश्राजींनी घमेली आली तशी एकात एक घालून थप्प्या लावल्या होत्या. घमेली दुसरी ठेवणार तरी कशी? आधी आलेली तळाला आणि आतल्या बाजूला. उशिरा आलेली वर आणि दाराशी. आता ते दारापासून एकेक काढून मुकादमाच्या टेबलापासून मांडत चालले होते. जी धावतपळत शेवटी चढली, तिचं घमेलं पहिलं! पहाटे उठून आलेल्या बायांची घमेली अजून व्हॅनमध्येच. अहो, काय ती गर्दी, काय त्या शिव्या! तीन मुलखांच्या भाषेतल्या. त्यात आमच्या बाईंचा आवाज सगळ्यांच्या वर.

"काय गा, याच्याचसाठी कोंबड्याच्या आधी उठवलं का मले? याच्याहून उडी बरी होती!"

 झालं, म्हटलं. सोमवारी कड्या. साहेब जीपमधून उतरून आलेच. रांगेकडं पाहिलं, व्हॅनकडं पाहिलं आणि मिश्राजींना म्हणाले, "उधर से लगाओ."

"जी?"

"पूँछ से. जो पहले निकले, उसे सबसे पीछे रखो. टेबल की तरफ़ आते जाओ."

बस! एवढंच होतं. टी.एक्स.आर. आणि गार्ड दोघं मिळून आठवडाभर डोकं लावत होतो आणि हे एकालाही सुचलं नव्हतं. मिश्राजींनी रांग शेपटीकडून मांडली. भिलाई-३च्या घमेल्यांत बाईचं नवं घमेलं सगळ्यात शेवटी निघालं आणि त्या सगळ्यांच्या पुढं बसलं. ती जाऊन त्याच्याशेजारी कमरेवर हात देऊन उभी राहिली. माझ्याकडं पाहिलं आणि डोक्यावरचा पदर सारखा केला. हसली मात्र नाही. हसणाऱ्यांतली ती नव्हतीच.

साहेब जाताना म्हणाले, "कड़ी रहने दो."

कारखाना उभा राहिला, भट्टी पेटली, मजुरांची ती गाडी बंद झाली. तोवर घमेली ब्रेकव्हॅनमधूनच येत राहिली आणि दारातून कोणी पडलं नाही. पुढं नोकरीत मी दाराच्या कड्या, खिट्ट्या, नियम पुष्कळ पाहिले. गाडी थांबण्याआधी बाया दार का उघडतात हे विचारायला कागद लागत नाही, तोंड लागतं. ते कोणी फारसं वापरत नाही.

लोहारानं घडवलेल्या कड्या माझ्याकडं तशाच पडून होत्या. त्यातली एक बाईनं मागून घेतली आणि आमच्या घराच्या दाराला बसवली. आतून.