चार बोटं कमी

मास्तरीण हे काही तिचं नाव नव्हे, कॉलेजात ते तिला चिकटलं. दुपारी मित्रमैत्रिणींची सगळी टोळी झाडाखाली गवतावर फतकल मारून बसायची आणि ही एकटी समोर उभी, हातात वही. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, बाहेर तास चाललाय. एकदा कुणीतरी म्हणालं, "मास्तरीणबाई, घ्या आता प्रश्नोत्तरं," आणि झालं बारसं.

"बस की गं," म्हटलं की तिची उत्तरं तयार असायची. आत्ताच बसून आलेय. कपडे मळतील. मुंग्या आहेत. दोन वर्षांत तिनं मुंग्यांची जेवढी बदनामी केली तेवढी कुठल्या स्वयंपाकघरातही झाली नसेल.

खरी गोष्ट अशी की तिचा डावा गुडघा अर्ध्यावरच अडायचा. लहानपणी जिन्यावरून पडली, ऑपरेशन झालं, चालणं सुधारलं, पण वाकणं काही सुधारलं नाही. खाली बसायचं म्हणजे धपकन पडायचं, आणि उठायचं म्हणजे कुणाच्या तरी गळ्यात पडायचं. शाळेत हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे इतके चांगले वागायचे की तिला वीट आला होता. बाईंपासून शिपायापर्यंत जो तो म्हणणार, "हळू हं, बाळ." कॉलेजात जाताना तिनं ठरवलं, इथे चकार शब्द काढायचा नाही. ते तिनं निभावलंही, फक्त त्यापायी दोन वर्षं उभं राहावं लागलं. तिला हवं होतं ते एवढंच, की त्या झाडाखाली, त्या सगळ्यांत, चारचौघींसारखं बसावं.

तिसऱ्या वर्षी उद्योजकता हा विषय आला. सर म्हणाले, पेपर नाही, धंदा करून दाखवा. बाकीचे डोकं खाजवत बसले, हिची कल्पना तयार होती. कॉलेजचं आवार मोठं, झाडं भरपूर, पण बसायला ऑफिससमोरचे दोन सिमेंटचे बाक, तेही सकाळी गारठलेले आणि दुपारी तापलेले. तर घडीच्या हलक्या खुर्च्या भाड्यानं द्यायच्या. सायकल स्टँडजवळच्या खोलीत ओळखपत्र ठेवा, खुर्ची उचला, हव्या त्या सावलीत टाका. प्राचार्यांनी खोली दिली, पण दम भरून. आवारात एक जरी खुर्ची बेवारशी दिसली तरी खोली परत.

बाबांचं गाड्यांच्या सीटा शिवायचं दुकान होतं. पहिली खुर्ची तिथेच झाली. शेजारच्या वेल्डरनं पाइप वाकवून दिले, बाबांनी जाड कापडाची बैठक दुहेरी टाके घालून शिवली. उंची तिनं सांगितली. ती बसली, उठली, परत बसली, परत उठली, आणि तेही कशाला न धरता.

"जमली की!" बाबा म्हणाले.

त्या रात्री तिला आनंदानं झोप लागेना. झाडाखाली आपण कुणाच्या शेजारी बसायचं हेसुद्धा तिनं ठरवून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती खुर्ची टोळीपुढे ठेवली. चष्मेवाली, म्हणजे तिची सगळ्यात जवळची मैत्रीण, आधी बसली. "अगं, माझे पाय लोंबकळतायत. दाढीला बसल्यासारखं वाटतंय."

"मांडीवर वहीसुद्धा राहत नाही," लांब्या म्हणाला. तो नावाप्रमाणे ताडमाड होता, पण त्यालाही पाय पसरूनच बसायचं होतं. "आणि गवतावर बसलेल्यांशी बोलायचं म्हणजे गच्चीतून बोलल्यासारखं. खाली घे जरा."

सरांनी पाठ थोपटली. "शाब्बास. गिऱ्हाईक म्हणेल तसं करा."

उंचच हवी म्हणावं, तर का म्हणून विचारणार. मास्तरीण खुर्ची घेऊन परत दुकानात गेली. खुर्ची चार बोटं कमी झाली. गिऱ्हाईकांना बरी वाटली, पण आणखी थोडी कमी चालेल म्हणाली. परत चार बोटं. तिसऱ्यांदा ती दुकानात आली तेव्हा बाबांनी कात्री खाली ठेवली.

"आणखी कमी केली तर सतरंजीच होईल. तुला चालणारे का ही?"

"मला काय करायचंय? मी खुर्च्या देणार, बसणार थोडीच."

 बाबांनी शिलाईचं मशीन सुरू केलं.

खुर्च्या आल्या त्या दिवशी खोलीसमोर झुंबड उडाली. एकही उरली नाही. झाडाझाडाखाली लोक ऐसपैस बसले, सर येऊन फोटो काढून गेले. मास्तरीण खोलीच्या दारात उभी राहून ओळखपत्रं सांभाळत होती. धंदा झकास चालला होता आणि तिला रडू येत होतं.

टोळीनं एक खुर्ची तिच्यासाठी धरून ठेवली होती. "मालकीणबाई, या! आज मुंग्याही नाहीत!"

"तुम्ही बसा. इथे कुणीतरी हवं ना."

चष्मेवाली तरातरा उठून आली. "खरं सांग. आम्ही तुझ्या बरोबरीचे वाटत नाही का? दोन वर्षं बघतेय मी. तसं असेल तर सांगून टाक एकदाचं."

आपण गुडघा लपवतोय आणि लोकांना तो तोरा दिसतोय, हे मास्तरणीच्या ध्यानीमनीही नव्हतं. तिनं खोलीला कडी घातली, झाडाखाली आली, डावा पाय पुढे टाकला आणि त्या बुटक्या खुर्चीत धपकन आदळली. मग एका दमात सगळं सांगून टाकलं.

"मग एखादी उंच खुर्ची करायचीस ना, येडे," लांब्या म्हणाला.

"पहिली केली होती तीच. ती माझीच होती."

चष्मेवाली लालबुंद झाली. "आणि मी तिला नावं ठेवली तेव्हा तोंड शिवलं होतं का तुझं? भांडायचंस की! उद्याच्या उद्या करून आण तसली. आणि आण म्हणजे आण, नाहीतर माझ्याशी बोलू नकोस!"

आजवर तिच्या गुडघ्यापायी कुणी तिच्यावर डाफरलं नव्हतं. मास्तरणीला फार बरं वाटलं.

मग गप्पा सुरू झाल्या त्या घंटा होईपर्यंत. सगळे भराभर उठले. ती बसूनच राहिली.

"उठवा मला," ती म्हणाली आणि दोन्ही हात पुढे केले.

एक लांब्यानं धरला, एक चष्मेवालीनं. ओढलं तर खुर्चीही तिच्याबरोबर वर आली आणि तिघंही भेलकांडली.

"जाडे, तू पण जोर लाव ना जरा!" लांब्या ओरडला.

पण तिला हसू इतकं फुटलं होतं की जोर लावताच येईना.