माझे साडू आणि पाकळ्यांचा पाऊस

वर्धा जिल्ह्यात स्वस्थ न बसण्याची स्पर्धा ठेवली, तर पहिलं बक्षीस माझ्या साडूंनाच मिळेल, पण ते घ्यायला साडू थांबणार नाहीत. मंचावरच्या पाहुण्यांना ते सांगतील, 'तुम्ही देत राहा जी, मी हे एक डाउनलोड पाहून येतो,' आणि जे जातील ते थेट दुसऱ्या दिवशी उगवतील. साडू व्हिडिओ एडिटर आहेत. पुलगावात घराच्या माडीवरच्या खोलीत बसून त्यांनी वीस-बावीस वर्षांत निम्म्या जिल्ह्याची लग्नं कापली, जोडली आणि रंगवली. 'बसून' हा शब्द मी सवयीनं लिहिला. त्यांना खुर्चीत सलग बसलेलं मी पाहिलेलं नाही. एक पाय खुर्चीवर, एक जिन्याकडे, उजवा हात माऊसवर आणि डावा हात कायम कुठल्यातरी बटणांच्या शोधात.

हा डावा हात स्वतंत्रपणे जगतो. एडिटिंगमध्ये केलेली चूक मागे घ्यायला दोन बटणं एकदम दाबावी लागतात. ती सवय त्या हातात इतकी मुरली आहे की जेवताना आमटी सांडली तरी साडूंची दोन बोटं पाटाच्या कडेवर ती बटणं दाबतात. एकदा आमच्यासमोर ते मेव्हणीबाईंना म्हणून गेले की या वेळचं लोणचं मागच्या वेळेइतकं जमलं नाही. वाक्य संपायच्या आत त्यांची बोटं सतरंजीवर चार वेळा आपटली. लोणच्याची बरणी मात्र त्यांच्यासमोरून उचलली गेली ती गेलीच.

नव्या साधनांचं त्यांना व्यसन आहे. एका दृश्यावरून दुसऱ्यावर जाताना पान उलटावं, दार उघडावं, कबुतरं उडावीत, बदामाच्या आकारातून नवरी प्रकट व्हावी, अशा करामतींचे तयार संच मिळतात. नवा संच निघाला की साडूंना तो त्याच दिवशी लागतो, आणि आला की हातातल्या लग्नात तो बसवून पाहावाच लागतो. मग कबुतरांच्या जागी फुलपाखरं येतात, फुलपाखरांच्या जागी तारे येतात, आणि लग्न पुढच्या महिन्यात ढकललं जातं. हिंगणघाटच्या एका जोडप्याला त्यांच्या लग्नाचा व्हिडिओ मिळाला तेव्हा त्यांची मुलगी चालत होती. साडूंनी त्या मुलीचं बारसं त्यातच शेवटी जोडून दिलं आणि वर सांगितलं, 'घाईत एडिट होत नाई भाऊ.' मेमरी कार्डं ठेवायला त्यांनी घरातला मसाल्याचा डबा पळवला आहे. हळदीच्या वाटीत आर्वीची लग्नं, मोहरीच्या वाटीत देवळीची. मेव्हणीबाई वर्षभर फोडणीचं सामान बिस्किटांच्या डब्यात ठेवत होत्या.

आवाजांचा त्यांचा संग्रह तर विचारूच नका. कुकरची शिट्टी, सायकलची घंटी, पत्र्यावरची माकडं, सगळं नावानिशी जपलेलं. एकदा आम्ही दोघं जाम गावच्या चौकात बस बदलायला उतरलो होतो. तिथं त्यांना ट्रकांचे हॉर्न इतके आवडले की त्यांनी खिशातून रेकॉर्डर काढला आणि मला बोटानं गप्प राहायला सांगितलं. आमची बस आली. मी हातवारे केले. साडू डोळे मिटून ऐकत होते. बस गेली. नंतर ते समाधानानं म्हणाले की आपल्या बसचाही हॉर्न छान आला आहे.

पण या संग्रहातला मुकुटमणी म्हणजे आमच्या सासूबाईंचं रडणं. माझ्या लग्नात, पाठवणीच्या वेळी, त्या अशा काही रडल्या की साडूंनी तो आवाज वेगळा काढून ठेवला. पुढे ज्या ज्या नवरीची आई कॅमेऱ्यासमोर नीट रडली नाही, तिच्या पाठवणीला त्यांनी आमच्या सासूबाई वापरल्या. सेलूच्या एका घरातून तर निरोप आला की आमची आई एवढी रडली होती हे आम्हालाच ठाऊक नव्हतं, व्हिडिओमुळं कळलं. सासूबाईंना हे समजलं तेव्हा त्या आधी रागावल्या, मग त्यांनी बारीक आवाजात विचारलं की आतापर्यंत किती ठिकाणी.

या माणसाला मी पहिल्यांदा स्तब्ध झालेला पाहिला, त्याची ही हकीकत.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. रविवार होता आणि मी वर्ध्याहून पुलगावला गेलो होतो. दुपारी तळेगावचे एक निवृत्त शिक्षक जिना चढून वर आले. आर्वीला बस बदलून आले होते. सदऱ्याला व्यवस्थित इस्त्री, हातात कापडी पिशवी. 'जयभीम' म्हणाले, साडूंनीही उभ्याउभ्या 'जयभीम, सर' म्हणत त्यांना खुर्ची दिली. सरांच्या मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ साडूंनीच केला होता. सरांनी पिशवीतून पेन ड्राइव्ह काढला आणि सांगितलं की मुलीची आई चार महिन्यांपूर्वी गेली. ताप आला, सेवाग्रामला नेलं, आठ दिवसांत सगळं संपलं. आता ते रोज हा व्हिडिओ पाहतात. अडीच तासांत ती तीनदा दिसते. दोनदा मंचावर फोटोला उभी आहे. तिसऱ्यांदा, मुलीच्या कपाळावरचे केस मागे करते, तेव्हा जवळून दिसते.

"पण तेव्हाच वरून गुलाबाच्या पाकळ्या पडतात," सर म्हणाले. "तिचा चेहरा झाकून जाते. त्या पाकळ्या काढता येतीन का?"

तो पाकळ्यांचा पाऊस साडूंचा त्या वर्षीचा अभिमान होता. कुठून कुठून शोधून आणला होता. त्यांचा डावा हात मांडीवर नुसता पडून होता. मग त्यांनी विचारलं की काकू एवढ्या कमी कशा दिसतात, त्या तर दिवसभर मांडवातच होत्या. सर म्हणाले, तेच तर. ती एका जागी थांबायचीच नाही. कॅमेरा वळला की ही निघून गेलेली. आणि साडूंना आठवलं असावं, कारण ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. कॅमेऱ्यातून अर्धवट निसटलेली, पाठमोरी, हललेली अशी सगळी दृश्यं खराब म्हणून त्यांनी स्वतःच कापून टाकली होती.

"मी पाह्यतो, सर," ते म्हणाले. "मूळ शूटिंग असंन माझ्याकडं. मले थोडे दिवस द्या."

मूळ शूटिंग लोखंडी पेटीतल्या एका हार्ड डिस्कवर होतं. ती लावली तर नुसती टकटक करू लागली, उघडेना. पुढचे पंधरा दिवस साडूंनी दुसरं काम केलं नाही. ऐन हंगामात दोन लग्नं नाकारली. डिस्क घेऊन नागपूरला गेले, तिथल्या माणसानं नकारार्थी मान हलवली, तेव्हा परत आले. मग त्यांनी इंटरनेटवर जगभरच्या एडिटरांच्या चर्चा वाचायला घेतल्या. मोडक्यातोडक्या इंग्रजीत अनोळखी लोकांना विचारत राहिले. कुठल्यातरी देशातल्या एकानं त्यांना एक फुकट मिळणारं साधन सुचवलं, बिघडलेल्या डिस्कवरून सापडेल तो तुकडा हळूहळू उचलणारं. ते चालू करून साडू पडद्यावर मुंगीच्या पावलानं सरकणाऱ्या पट्टीकडे बघत राहत. मेव्हणीबाईंनी मला फोन केला. त्यांचा आवाज काळजीचा होता.

"पंधरा दिवस झाले भाऊजी, त्यायनं एकही नवीन वस्तू घरात आणली नाई," त्या म्हणाल्या. "मले भेव वाटून राह्यलं."

बरेचसे तुकडे फुटलेलेच निघाले. पण एक अखंड सापडला. पंगती चालू असताना साडूंनी कॅमेरा बंद न करता खुर्चीवर ठेवला होता आणि स्वतः दुसऱ्या कॅमेऱ्याची बॅटरी शोधायला गेले होते. त्यामुळं सगळा मांडव तिरका दिसत होता. त्या तिरक्या मांडवात पांढऱ्या साडीतली सरांची बायको येते, जाते, पाण्याचे जग उचलते, कुणाला तरी हात धरून पंगतीत बसवते. मग समोरच्याच खुर्चीत टेकते. चप्पल काढून तळवे चोळते. लांब कुठंतरी, मुलीकडे असेल, बघत राहते. तेवढ्यात कुणीतरी येतं आणि ती मान वर करून विचारते, 'काऊन जी, तुमी जेवले का नाई? सकाळपासून उभेच आहा.' आणि पडद्याबाहेरून साडूंचा आवाज येतो, 'जेवतो नं काकू, पह्यले हे होऊ द्या.'

सरांना बोलावलं त्या दिवशी मीही मुद्दाम गेलो. दाखवण्याआधी साडूंनी त्यांना सांगितलं की तिरकं आहे ते सरळ करून देतो, मागं जनरेटरचा आवाज आहे तो काढतो, उजेड थोडा वाढवतो. सरांनी पूर्ण पाहिलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"काहीच करू नका," ते म्हणाले. "हे अशीच होती. घाईत."

मग त्यांनी पुन्हा एकदा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदाही. चौथ्यांदा त्यांनी सांगितलं नाही, साडूंनीच लावलं. निघताना सरांनी विचारलं की तुम्ही तेव्हा जेवलात का. साडूंनी आठवून पाहिलं. आठवेना त्यांना. मेव्हणीबाईंनी सरांना जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही, आणि साडूही त्यांच्याबरोबर पाटावर बसले, ताट संपेपर्यंत.

यानंतर साडू शांत झाले, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं काही नाही. आता लग्नघरांना अर्ध्या मिनिटाचे तुकडे हवे असतात आणि ते मोबाइल स्वतःच कापून, गाणं लावून देतो. काम कमी झालं आहे. साडू मात्र अजून नवनवीन साधनं शोधतात, मला भर कचेरीत फोन करून त्यांची नावं सांगतात, आणि मी कुठं आहे हे विचारायच्या आत फोन ठेवतात. फक्त दुपारी, जेवणानंतर, ते लोखंडी पेटी उघडतात. एकेक जुनी डिस्क लावतात आणि कापून टाकलेलं सगळं पहिल्यापासून पाहत जातात. हे कुणी सांगितलेलं काम नाही. त्यातून कुणाची आजी निघते, कुणाचा भाऊ निघतो. मग साडू त्या घराचा नंबर शोधत बसतात.

मागच्या उन्हाळ्यात त्यांचा मला फोन आला. या वेळी कुठल्याही साधनाचं नाव नव्हतं.

"साडूभाऊ, तुमच्या लग्नातलं आहे," ते म्हणाले. "बाबा सापडले. दोघंही येजा."

आमचे सासरे जाऊन सहा वर्षं झाली होती. आम्ही गेलो. दोघी बहिणी पडद्यासमोर बसल्या, सासूबाईंना मधे खुर्ची दिली. पाहुणे गेलेले आहेत, मांडव ओस पडला आहे, आणि सासरे खांद्यावरच्या पंच्यानं एकेक खुर्ची पुसून रांगेत लावताहेत. दहा-बारा झाल्यावर ते त्यांतल्याच एका खुर्चीवर बसले. कुणी बघत नाही असं वाटून त्यांनी मोठी जांभई दिली आणि गुडघ्यांवर हात ठेवून नुसतेच बसून राहिले.

"बाबा थकले होते," माझी बायको म्हणाली. "मले दिसलंच नाई त्या दिवशी."

साडू खुर्चीमागे उभे होते, एका जागी. पडद्यावर सासरे उठले, पंचा झटकला आणि एका बाजूनं निघून गेले. त्यांची खुर्ची तेवढी दिसत राहिली. बराच वेळ दिसत होती. ते बंद करायला आमच्यातलं कुणीच उठलं नाही.