पिंपावरची शाल

वन्सं गेल्याचा फोन आला तेव्हा मी डेअरीवर सकाळच्या दुधाचं फॅट तपासत होते. दवाखान्यातून आमच्या ह्यांचा फोन. "सुमी गेली," एवढंच म्हणाले. समोर बायांची रांग होती, कॅन उघडे होते. मी रांग संपवली, दूध टाकीत घेतलं, हात धुतले आणि मग सगळ्यांना सांगितलं. आदल्या संध्याकाळीच मी त्यांना भेटून आले होते. बोलताना धाप लागत होती, तरी विचारलंच, "पिंपाला काय घातलं?" मी म्हणाले, "काहीच नाही." "शाबास," म्हणाल्या... आमचं शेवटचं बोलणं ते. महिना होऊन गेला, लोक अजून विचारतात, शेवटी काय म्हणाल्या? मी हे सांगितलं की त्यांना वाटतं, बाई काहीतरी लपवते.

वन्सं म्हणजे माझी नणंद, डॉ. सुमित्रा. सांडपाण्यातली घाण जीवाणूंकडून कशी खाऊन घ्यायची, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. आयुष्यभर शहरात शिकवलं, लग्न केलं नाही. नोकरी सोडून आष्टीजवळच्या आमच्या गावात आल्या त्या माझ्या रडगाण्यामुळे. ऊसतोडीला जायचं नाही म्हणून ज्या बायांनी म्हशी धरल्या, त्यांची आमची दूध संस्था. कॅन आणि टाक्या धुतलेलं पाणी नाल्यात जायचं आणि नाल्याकाठच्या पिण्याच्या विहिरीला वास सुटला होता. सरकारी नोटीस आली: पाणी शुद्ध करा, नाहीतर डेअरी बंद. डेअरी बंद म्हणजे बायांच्या हातात पुन्हा कोयता.

वन्संनी आल्या आल्या नाल्यातलं पाणी ओंजळीत घेऊन हुंगलं. मग जमिनीत बंद टाकी बांधून घेतली, तिच्यात शेणकाला आणि कुठूनसा आणलेला काळा गाळ सोडला. पुढे कर्दळीचा वाफा. काही महिन्यांनी टाकीत पांढरट, नासकं पाणी जायचं आणि वाफ्यातून नितळ होऊन जनावरांच्या घासाला मिळायचं. विहिरीचा वास गेला. एक दिवस त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. गाळाच्या एका थेंबात नुसती गर्दी! काड्या, ठिपके, साखळ्या, काही तर वळवळत होतं. "वैनी, हे आपले सभासद," त्या म्हणाल्या. "पगार न्हाई, बोनस न्हाई, रात्रंदिस काम." मी विचारलं, "मग चेअरमन कोण?" "तुमीच. मी नुसती ह्यांची गुराखी." मी हसले, पण त्या रात्री जेवताना माझं लक्ष नव्हतं. रोज ज्या नाल्यावरून नाक दाबून जात होते, त्यात एवढं राबणारं जग होतं आणि आमच्या घरातल्या एका बाईला ते ओळखू येत होतं.

मग सलग दुसऱ्या वर्षी पाऊस गेला. जनावरं चारा छावणीत गेली, दूध आटलं, धुवायलाही पाणी उरलं नाही. डेअरीला कुलूप लागलं. टाकी कोरडी पडायच्या आत वन्संनी गाळ एका निळ्या पिंपात भरला आणि आमच्या रिकाम्या गोठ्यात आणून ठेवला. झाकणातून सलाईनची नळी काढून पाण्याच्या बाटलीत बुडवली. आत जीव आहे तोवर बाटलीत अधूनमधून बुडबुडा यायचा. "ह्यांना झोपवून ठेवायचं," त्यांनी बजावलं. "कधीतरी चमचाभर गूळपाणी, वर काही न्हाई. हे मेले तर पावसानंतर टाकी नुसती टाकी. नवे जमवायला महिने जातील, आणि तोवर डेअरी उघडू देणार न्हाईत."

आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, हे पिंप बघवत नसे. "लेकरं झाली न्हाईत, आता पिंप सांभाळती," असं त्या लेकीच्या तोंडावर म्हणायच्या. वन्सं नुसत्या हसायच्या.

त्याच हिवाळ्यात पुण्यातून बोलावणं आलं. पर्यावरण अभियांत्रिकी आणि जैवतंत्रज्ञानातल्या संशोधकांचा सत्कार होता. पिंप सोडून जायला त्या तयार नव्हत्या. मीच भांडून पाठवलं. रात्री फोनवर फोटो आला. व्यासपीठ, शाल, टाळ्या वाजवणारी मोठमोठी माणसं. आत्याबाई किती तरी वेळ तो फोटो धरून बसल्या. "माझी सुमी हाय का ही?" सकाळी मी छावणीत गेले आणि मागे आत्याबाईंनी झाकणाचं बूच काढून पिंपात दूध, गूळ आणि भाकरीचा काला ओतला. लेकीचा सत्कार झाला अन् तिची लेकरं उपाशी कशी ठेवायची!

दुसऱ्या दिवशी पुण्याहून परतलेल्या वन्सं गोठ्याच्या दारातच थबकल्या. आंबूस वास. बाटली गप्प. आत्याबाई घाबरून म्हणाल्या, "मी काय वंगाळ केलं गं? खायलाच घातलं न्हवं?" मला वाटलं, आता घरात वीज पडणार. वन्सं त्यांच्या शेजारी जमिनीवर बसल्या. "आई, ही उपासानं इतक्यात मरत न्हाईत. खाऊन मरत्यात." बस, एवढंच. वरचं पाणी उपसलं, आंबटपणा मारायला चुन्याची निवळी केली आणि ती कागदाच्या पट्टीवर तपासत थोडी थोडी सोडली. पौषातली थंडी होती. त्यांनी खांद्यावरची शाल काढून पिंपाला गुंडाळली. मी ओरडले, "अहो वन्सं, सत्काराची शाल हाय ती!" "मग इथं सत्कार कुनाचा चाललाय?" त्या म्हणाल्या.

पुढं नुसती वाट बघणं. आत्याबाई रोज बाटलीसमोर बसायच्या, माळ घेऊन. किती तरी दिवसांनी एका दुपारी गोठ्यातून हाक आली, "सुमे, ए सुमे! ढेकर दिला गं!"

पाऊस आला, दूध सुरू झालं आणि त्या एका पिंपावर टाकी पुन्हा चालती झाली. डेअरीचं कुलूप निघालं. पुढं शिरूर कासारच्या, नांदूरघाटच्या संस्थांनी आमच्याकडून कॅन भरून गाळ नेला. त्याला लोक 'वन्संचं विरजण' म्हणतात. मी दुधातली बाई, विरजण मला नवीन नाही. पण एक बाई आपलं विरजण अर्ध्या जिल्ह्याला लावून जाते, हे अजून माझ्या डोक्यात मावत नाही. वन्संनी मात्र त्या दुष्काळापासून दर हिवाळ्यात एक पिंप गोठ्यात राखीव ठेवलं. त्यावर तीच शाल, धुऊन धुऊन विटलेली.

शोकसभेसाठी कॉलेजची माणसं आली तेव्हा फोटोशेजारी ठेवायला शाल मागत होती. मी मानचिन्ह दिलं. शाल कामात आहे, म्हणाले.

तेराव्याला आत्याबाई ताट वाढून गोठ्यात गेल्या. मी मागोमाग गेले. पुरणपोळी, दूध, सगळं लेकीच्या आवडीचं. "आजच्या दिस तरी घालू का?" त्यांनी विचारलं. आणि स्वतःच पिंपाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "नगं. रागावंल ती." ताट माझ्या हातात दिलं, शालीचा सुटलेला पदर पिंपाखाली नीट खोचला आणि बाटलीसमोर बसल्या. मीही बसले. बऱ्याच वेळानं एक बुडबुडा वर आला.