बाकावर विचारलेला सवाल

"जीव वाचला ना तुझा? मग आता हे कसले शौक सुचतात तुला?"

डॉक्टर हसला. कंपाउंडर हसला. बाकावरचे सगळे हसले. भिंतीवरच्या कॅलेंडरातलं गुटगुटीत लेकरू तर आधीपासूनच हसत होतं.

मंगरूळपीरच्या त्या दवाखान्याची रीतच तशी. डॉक्टर टेबलामागं, पेशंट स्टुलावर आणि पुढचे पाच-सहा नंबर आतल्याच बाकावर, गुडघ्याला गुडघा लावून. वेळ वाचतो म्हणे. एकाची खरूज, दुसऱ्याची मूळव्याध, सगळं सगळ्यांचं. मी स्टूल पुढं ओढून डॉक्टरच्या कानाशी म्हणालो होतो, "साहेब, डोक्याले मार लागल्यापासून बायकोजवळ जाता येत न्हाई. मनच होत न्हाई. अंगबी साथ देत न्हाई."

त्यानं ते मोठ्यानं कंपाउंडरला सांगितलं. मग मला, "पोरं किती?"

"दोन."

"तुमच्या तांड्यावर पोरांची कमी आहे का? देवानंच ब्रेक लावला समज."

पुन्हा हशा. मीही हसलो. हे लिहितानाही कानशिलं तापतात. मी हसलो.

मी मानोऱ्याकडचा, तांड्यावरचा. ऊसतोडीला गेलो होतो. डोक्यावर मोळी घेऊन ट्रकवर चढताना फळी सरकली आणि मी खाली आलो तो सरळ डोक्यावर. तिकडच्याच मोठ्या दवाखान्यात कवटी उघडली. टाके इतके की तेवढ्यात एक गोधडी शिवून झाली असती. फिट येऊ नये म्हणून रोजच्या गोळ्या मागं लागल्या. मी मूळचा फेकू माणूस. तांड्यावर सांगत फिरलो की यमानं मला दारातूनच परत लावलं. म्हणाला, हा आत आला तर माझ्या रेड्यालेबी झोपू देणार न्हाई. लोक पोट धरून हसायचे. पण घरात शिरलो की माझी वाचा बसायची.

बसवत नव्हतं. उभं राहवत नव्हतं. बायको पाणी घेऊन जवळ आली की मी चप्पल घालून बाहेर. गोठा, पार, पुन्हा गोठा. बैलसुद्धा कंटाळले असतील मला. एक दिवस भाकऱ्या थापता थापता सुनीता म्हणाली, "मी नकोशी झाली का तुमाले? तसं असंन तर सांगून द्या. माहेर काई लांब न्हाई माह्यं."

तिचं थापणं थांबलं नाही. मी पुन्हा चप्पल घातली. त्याच आठवड्यात तो दवाखाना झाला, तो हशा झाला. बाकावर आमच्याकडचा एक जण होता. माझी बस मानोऱ्याला लागायच्या आत बातमी तांड्यावर पोचून, हातपाय धुऊन, चहा पिऊन बसली होती. पाटलाच्या पोरानं आमच्या दारातच ट्रॅक्टर थांबवून विचारलं, "काय रे, मशीन चालू झाली का?"

सुनीताला तेव्हा खरं कळलं. ट्रॅक्टरवरून कळलं. ती रडली नाही. म्हणाली, "मले काहून न्हाई सांगितलं? चला. आता दोघं जाऊ."

पुन्हा तोच दवाखाना, तोच बाक. डॉक्टरनं मला ओळखलं. "आला का ब्रेकवाला?"

हसू फुटायच्या आत मी म्हणालो, "साहेब, मागच्या वेळेस तुमी हसले. जवाब राहिला."

"बाहेर थांब. गर्दी आहे."

उठलो नाही. बूड स्टुलाला जणू खिळ्यांनी ठोकलं होतं. सुनीता पदर सारून पुढं आली. "नवरा माहा हाय. सवाल माहाबी हाय. सांगा."

मग बाकावरचा एक म्हातारा, मंगरूळातलाच एक टेलर, टोपी सारखी करत बोलला, "डॉक्टरसाब, सांगा. माझा पोरगा गाडीवरून पडला होता. त्याचंबी हेच. सून माहेरी गेली, आली न्हाई. आमी शरमेनं विचारलंच न्हाई."

डॉक्टरनं पेन ठेवलं. मग बोलला. मेंदूच्या बुडाशी एक ग्रंथी असते, मार लागला की कधी कधी तिचं काम मंदावतं. फिटच्या गोळ्यांनीही असं होऊ शकतं. मन खचल्यानंही होतं. रक्त तपासावं लागेल, अकोल्याच्या मोठ्या डॉक्टरला दाखवावं लागेल, काही गोष्टींवर इलाज आहे. गोळ्या मात्र आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत.

भडाभडा बोलला. म्हणजे याला माहीत होतं. पहिल्या दिवशीही माहीत होतं. माहीत असून हसला. अडाणी असता तर माफ केलं असतं. ज्याला माहीत आहे त्यानं हसावं, आणि ज्याला भोगायचं आहे त्यानंही सोबत हसावं, हीच रीत. त्या स्टुलावर ती रीत माझ्या घशात हाडासारखी अडकली. गिळली नाही. थुंकली.

बरा होईन का? माहीत नाही. तपासणी व्हायची आहे. सुनीता घरी आहे. पुढच्या हंगामापर्यंत काय होईल, तिलाही माहीत नाही, मलाही नाही. खोटा धीर ती देत नाही, मी मागत नाही.

पण अकोल्याला मी एकटा जाणार नाही. टेलरच्या घरी जाऊन आलो. त्याचा पोरगा मशीनवर मान खाली घालून बसला होता, माझ्याकडं बघेना. त्याला सांगून आलोय, सोमवारी बसस्टँडवर ये. तो आला नाही तर घरून उचलून नेईन. तिथं त्याची जीभ उचलली नाही, तर त्याचाही सवाल मीच विचारीन.