छत्री धरलेला माणूस

आमच्या वाडीत मुंबई दोन तऱ्हांनी बघितली जायची. एक म्हणजे रत्नागिरीच्या बंदरात आगबोटीवर चढायचं, रात्रभर ओकायचं आणि भाऊच्या धक्क्यावर उतरायचं. दुसरी म्हणजे पेटीवाल्या काकाच्या ओटीवर जाऊन बसायचं. दुसऱ्या तऱ्हेने बघणाऱ्यांना मुंबई जास्त कळायची. आम्ही पडलो गिरणीतली माणसं. भोंगा, साचा, खोली आणि परत भोंगा. त्यामुळे शिमग्याला गावी आलो की हे घरबसे लोक आम्हालाच मुंबई समजावून सांगायचे. मी तीन यत्ता शिकलेला माणूस. पण ज्याने आगबोटीचा धूरसुद्धा जवळून बघितला नाही त्याच्याकडून मुंबई शिकण्याइतका अडाणी नव्हतो.

पेटीवाला काका मुंबईला कोटात, म्हणजे फोर्टात, एका साहेबाच्या हापिसात पट्टेवाला होता. साहेब विलायतेला परत गेला तेव्हा घरातली अडगळ वाटून गेला, त्यात ही पेटी काकाच्या वाट्याला आली. पेटी कसली, डोळ्यांना लावायचं दोन भिंगांचं लाकडी खोकं, खाली धरायला दांडा. समोर पुठ्ठ्याचं कार्ड खोचायचं. कार्डावर एकच फोटो शेजारी शेजारी दोनदा. भिंगांतून बघितलं की दोन्ही मिळून एक व्हायचे आणि खांब, माणसं, रस्ते असे उठून उभे राहायचे की हात लावायला जावा. कार्डं सगळी मुंबईची. बोरीबंदराचं स्टेशन पुढून, तेच बाजूने, भायखळ्याचं स्टेशन, कोटातला कमानींचा रस्ता, घड्याळाचा मनोरा.

नोकरीत असताना काकाने टपाल इकडून तिकडे नेण्यापलीकडे काही केलं नव्हतं. ओटीवर आला आणि इंजिनियर झाला. "हा घुमट चढवला तेव्हा मी खाली उभा होतो," असं तो सांगायचा. घुमट चढला तेव्हा काका गावात शेण गोळा करत असणार, पण ओटीवर हिशोब करणारं कोण होतं? आमच्या जिल्ह्यात रूळ नव्हता, स्टेशन म्हणजे काय ते कुणाला ठाऊक नव्हतं. शेजारच्या म्हातारीने तो घुमट, त्या कमानी, दाराशी बसलेला दगडी सिंह बघितला, पेटी खाली ठेवून हात जोडले आणि विचारलं, देव कुठला. काकाने सांगितलं, आगगाडीचा. म्हातारीला पटलं. आज विचाराल तर मलाही पटतं. एवढं देऊळ आमच्या गावदेवीला कुणी बांधलं नाही, आणि त्या शहराला आमच्या गावाने जेवढी पोरं वाहिली तेवढे कोंबडे गावदेवीलाही वाहिले नसतील.

बायका मात्र घुमट बघायला येत नसत. त्या घोव शोधायला येत. फोटोत रस्ता म्हटला की माणसं आली, आणि ज्यांचे घोव वर्ष वर्ष मुंबईत, त्यांना वाटायचं, एवढ्यांत आपला असेलच. एकीला तिचा भायखळ्याच्या फलाटावर सापडला, पाठमोरा. पाठीवरून ओळखला म्हणाली. दुसरीला तिचा साहेबी टोपीत दिसला. तिने तो साहेब झाल्याचं सगळ्या वाडीला सांगितलं आणि विहिरीवर आधी पाणी भरायला लागली. काकाने कधी कुणाला अडवलं नाही. अडवलं असतं तर ओटी ओस पडली असती.

त्या वर्षी माझ्या बायकोला मी सापडलो.

मी शिमग्याला घरी पोचलो तर अंगणात माझं गाठोडं घ्यायला कोणी पुढे आलं नाही. बायको चुलीपाशी. पाण्याचा तांब्या तिने माझ्या पायाशी असा ठेवला, जसा कुत्र्यापुढे ठेवतात. मग हळूहळू कळलं. बोरीबंदराच्या कार्डात मी उभा होतो. धोतर, कोट, एक हात कमरेवर, मान जराशी वाकडी, हे नाक. दुसऱ्या हातात छत्री. आणि ती छत्री माझ्या डोक्यावर नव्हती, शेजारी उभ्या असलेल्या बाईच्या डोक्यावर होती.

बाईबद्दल एक वेळ तिने ऐकून घेतलं असतं. गिरणीत बाया असतात, रस्त्यात बाया असतात. तिला लागली ती छत्री.

"आठ वरसं झाली लग्नाला," ती म्हणाली. "लावणीला मी कमरेत मोडत्येय, वरून पाऊस कोसळतोय, कधी माझ्या डोक्यावर इरलं तरी सारखं केलात?"

इरलं म्हणजे पावसात पाठीवर घ्यायचं पानांचं झापड. ते नवऱ्याने सारखं करायचं असतं हे मला आमच्या अख्ख्या गावात कधी दिसलं नव्हतं. तसं मी बोललो. बोललो नसतो तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी काकाने निरोप पाठवला, येऊन बघून तर जा. मी गेलो नाही. जिवंत माणसाने स्वतःला खोक्यात शोधायला कशाला जायचं? मी मुंबईत कुठे उभा राहतो ते मला ठाऊक, आणि छत्री माझ्याकडे जन्मात नव्हती. लोक म्हणाले, बघत नाय म्हणजे काहीतरी हाय. म्हणू देत. मी ठरवलं की ठरवलं. त्या खोक्याला डोळा लावायचा नाही.

शिमग्याचे दिवस, पालखी बाहेर काढलेली, गावकार देवळापुढे बसलेले. एकाला सुचलं, कौल लावू. आमच्याकडे गाय हरवली, पोरीचं जमेना, भाऊबंदकी झाली की गुरव देवीच्या अंगावर फुलाच्या कळ्या चिकटवतो. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाय. आता माझ्या नाकाचा निकाल कळीवर लागायचा होता. गुरव अंघोळ करून तयार. मी म्हटलं, गाय हरवली तर लावा कौल, मी हरवलेला नाय. माझं थोबाड माझं की दुसऱ्याचं हे फूल सांगणार असेल तर मी गावाला रामराम करतो. गुरवाचा चेहरा उतरला. त्याचा नारळ गेला. देवीचा अपमान झाला म्हणून दोघे-तिघे उठले. पेटीवाला काका मात्र बसूनच म्हणाला, "ज्याचं मन साफ, तो कौलाला भीत नाय." देवळापुढे चांगलं बोलायला त्याला बरं जमायचं.

घरी आलो तर बायकोने बोचकं बांधलं होतं.

"मला तुमचा कौल नको नि शपथ नको," ती म्हणाली. "ती जागा मला दाखवा. नायतर मी लांज्याला माहेरी जात्ये. मग धरा छत्री कुणाच्या डोक्यावर धरायची ती."

लांज्याला गेलेली बायको परत आणायची म्हणजे सासऱ्याच्या अंगणात मान खाली घालून उभं राहायचं. त्यापेक्षा आगबोट बरी. काकाने ते कार्ड फडक्यात गुंडाळून स्वतः आणून दिलं. पुरावा म्हणाला. वाडीत दुसरी करमणूक नव्हती, आणि ती जिवंत ठेवायची कशी हे त्याला कळत होतं.

बोटीवर मी ओकलो, ती ओकली नाही. परळला एका गाववाल्याच्या बिऱ्हाडात तिची सोय केली आणि सुट्टी बघून तिला कोटात घेऊन गेलो. मला वाटलं, मोटारी, ट्रामची घंटा, माणसांचा लोंढा बघून पदर तोंडाशी धरील, माझी बाही धरील. कसलं काय. कमानींच्या रस्त्याला लागल्याबरोबर ती पुढे आणि मी मागे. "हा कमानींचा. आता उजव्या अंगाला पाणपोई येल." आली. "त्या भिंतीतनं दगडाची जनावरं तोंड काढतात." काढत होती. त्या रस्त्याने मी कितीदा गेलो असेन, मान वर करून कधी बघितलं नव्हतं. माझं लक्ष पायाखाली, कुणाची गाडी अंगावर येऊ नये म्हणून. काकाची ओटी आणि एक खोकं, एवढ्यावर ही बाई मुंबई फिरत होती. मी मुंबईत दहा वर्षं काढलेला माणूस तिच्या मागून भाकरीचं बोचकं धरून चाललो होतो. मला त्याचा राग आला, अजूनही येतो.

बोरीबंदरासमोर ती थांबली. सिंह बघितला, दिव्याचा खांब बघितला, दोन पावलं मागे सरली, एक पाऊल डावीकडे. मग फडकं सोडून कार्ड काढलं.

"इथं उभे होतात."

 ती रस्त्याकडे बघत राहिली, परत कार्डाकडे, परत रस्त्याकडे. कपाळाला आठी पडली.

"टोपी घातलेले घोडे कुठं गेले?"

कसले घोडे, मी विचारलं. तिने कार्ड माझ्या नाकाशी धरलं. खोक्याला डोळा लावायचा नाही एवढंच मी ठरवलं होतं, कार्डाचं काही ठरलं नव्हतं. बघितलं. बोरीबंदरापुढे ट्राम उभी, तिला दोन घोडे जुंपलेले, उन्हासाठी त्यांच्या डोक्यावर टोप्या. आमच्या खोलीतला एक म्हातारा त्या घोड्यांच्या गोष्टी सांगायचा. ती ट्राम बंद झाली तेव्हा मी गावात उघडानागडा फिरत होतो.

मी तिला हे सांगितलं. आवाज जरा चढवूनच सांगितलं. जिंकलो होतो ना. आता बोल, म्हटलं, मी पाच वर्षांचा असताना छत्री धरून उभा होतो काय?

 मीच परत कार्ड बघितलं, माझ्यासारखा दिसणारा हा कोण मेला ते तरी कळू दे म्हणून. आणि मग ते नाक ओळखलं. बाप आणि मी एका साच्यातले, हे गावातलं शेंबडं पोरही सांगायचं. बाप वारून पंधरा वर्षं झाली होती. माझ्या आधी वीस वर्षं तो याच शहरात होता. उभं राहताना एक हात कमरेवर.

"माझा बाप तसला नव्हता," मी म्हटलं.

"तुमीपण नव्हतात," ती म्हणाली. "म्हणून तर मी बोट चढल्ये."

मग तिने कार्ड परत फडक्यात बांधलं, नीट, दोन गाठी मारून.

पावसाआधीच्या शेवटच्या बोटींपैकी एकीने तिला घरी पोचवायला गेलो. कार्ड काकाला परत द्यायचं होतं, त्याच्या ओटीवर सगळी वाडी जमली होती. गुरव होता. माझी आईही येऊन खांबाला टेकून बसली होती. तिचे डोळे अधू, पेटीतलं तिला काही दिसायचं नाही, पण मुलाचा निकाल ऐकायचा होता. बायको माझ्याबरोबर हसून बोलत्येय हे सगळ्यांनी बघितलं होतं आणि त्याचं त्यांना दुःख झालं होतं.

"काय, कोण निघाला?" काकाने विचारलं.

माझ्यापाशी उत्तर होतं. घोडे म्हटलं असतं की पुरे. फोटो जुना म्हटलं असतं तर काकाची सगळी इंजिनियरी पाण्यात, साहेब झालेला परत हमाल झाला असता, फलाटावरचा पाठमोरा कुणाचा तरी आजोबा निघाला असता. जिभेवर आलं होतं. पण मग ओटीवरच्या म्हाताऱ्यांनी पेटी परत उचलली असती, आणि त्यांना माझ्या बापाचा चेहरा ठाऊक होता. आई चार हातांवर बसली होती.

"मीच," मी म्हटलं.

ओटी गार झाली. गुरवाने देवीच्या दिशेने हात जोडले, जणू कौल त्यानेच लावला होता. काकाने मान डोलावली. आई खांब धरून उठली, चाचपडत माझ्यापाशी आली आणि माझ्या दंडावर एक चापट मारलीन.

"लाज नाय वाटत? तुझ्या बापसानं त्याच मुंबईत वीस वरसं काढलीन," ती म्हणाली. "कधी कुठल्या बाईकडं नजर वर केलीन नाय. त्याचा झील तू."

मी मान खाली घातली. बायकोने पदर तोंडाशी धरला. लोकांना वाटलं, ती रडत्येय.