चार माग वाढवले

भूपाल गेल्याचा फोन आला तेव्हा मी मलकापूरच्या एसटी स्टँडवर उभा होतो. "भावजी, ह्ये गेलं..." एवढंच सुमनवहिनी बोलल्या. त्याला आता महिना झाला. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. ते कशानं थांबलं हे मला माहीत आहे, आणि ते आज लिहायलाच हवं.

भूपाल अर्थशास्त्राचा प्राध्यापक, त्याच कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकवायचो. परदेशाशी व्यापार करार झाला, बाहेरचं कापड स्वस्तात आलं, तर इथल्या माणसाचं काय होईल, हे तो समीकरणांत मांडून आधीच सांगू पाहायचा. "मॉडेल म्हंजे जातं हाय रे," म्हणायचा, "वरनं घालशील त्येचंच पीठ पडणार." इचलकरंजीच्या यंत्रमागांवरच्या अहवालासाठी दाणे आणायचं काम माझ्याकडं होतं. शेडमधला खडखडाट मला सोसेना, म्हणून बाहेर चहाच्या टपरीवर बसून मी फॉर्म भरले. सत्ताप्पा नावाचे मागवाले म्हणाले, "आठ हुतं. औंदा चार वाढिवलं." मी खुशीत बारा लिहिले. गल्लीभर तेच उत्तर. उठून आत डोकवायचे कष्ट काही मी घेतले नाहीत.

मॉडेलनं सांगितलं, हा धंदा वाढतोय, करार सोसेल. अहवाल दिल्लीला गेला, करार झाला. वर्षभरानं आम्ही दोघं तिथं गेलो तर सत्ताप्पांच्या शेडला कुलूप. "तुम्ही तर माग वाढवले होते ना?" मी विचारलं. सत्ताप्पांनी कुलपाकडं बोट केलं. "वाढिवलं म्हंजे बंद केलं की, सर! दिवा वाढिवत्यात, दुकान वाढिवत्यात, तसं. पोटाला घालणाऱ्या मागाला कोण बंद म्हणतंय व्हय?" भूपाल मटकन पायरीवर बसला. हा शब्द आम्ही दोघंही घरात लहानपणापासून ऐकत आलेलो...

मग त्यानं पत्रामागून पत्रं लिहिली. आकडे चुकलेत, पुन्हा मोजू द्या. शेवटी उत्तर आलं, अहवाल स्वीकारला आहे. तिथं सगळं संपलं. पुढं काही सुधारलं नाही, सुधारणारही नाही. "सरांच्या मॉडेलनं आमची गल्ली खाल्ली," असं लोक भर सभेत त्याच्या तोंडावर म्हणाले. तो मान खाली घालून ऐकत राहिला. मी शेजारच्याच खुर्चीत होतो, आणि गप्प होतो. त्यानं एकदाही माझ्याकडं पाहिलं नाही. त्यानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

गेल्या आठवड्यात कळंब्याला त्याच्या घरी गेलो. टेबलाच्या काचेखाली सत्ताप्पांचा तो फॉर्म अजून आहे. वहिनींनी त्यावर बोट ठेवलं. "हे अक्षर ह्यांचं न्हवं. कितीदा इचारलं, कधी सांगितलं न्हाई. कुणाचं हो, भावजी?"

"माहीत नाही," मी म्हणालो. चहा संपवला आणि बाहेर पडलो.

वहिनी, ते अक्षर माझं आहे.